पिस्टन नेमका माथ्यावर कधी असतो?

प्रश्न : मी सातपूरच्या एका गॅरेजमध्ये काम शिकतोय. टायमिंग बसवायचं असलं की आमचे उस्ताद एक नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढतात, भोकात लांब स्क्रू-ड्रायव्हर सोडतात आणि पाना लावून क्रँक हळूहळू फिरवतात. ड्रायव्हर वर यायचा थांबला की म्हणतात, ‘आला टीडीसी.’ परवा एका जुन्या पेट्रोल गाडीचं हेड फेसिंग होऊन आलं. कॅम बसवायला घेतला, तर ड्रायव्हरचा टीडीसी एकीकडे आणि पुलीवरची खूण दुसरीकडे. उस्ताद म्हणाले, ड्रायव्हर पिस्टनवर टेकलेला आहे, तो खोटं कसं बोलेल? दुसरा मेकॅनिक म्हणाला, खूण कंपनीनं पाडलेली आहे, ती कशी चुकेल? खरं कुणाचं मानायचं?
— एक शिकाऊ मेकॅनिक, नाशिक

उत्तर : तुमच्याकडे दोन साक्षीदार आहेत आणि उलटतपासणी दोघांचीही झालेली नाही. आधी ड्रायव्हरकडे बघू.

पिस्टन वर येताना सगळीकडे सारख्या वेगानं येत नाही. क्रँक गोल फिरतो, पिस्टन सरळ वर-खाली जातो. वर जाणं संपून खाली येणं सुरू होतं त्या जागी, म्हणजे टॉप डेड सेंटरला (टीडीसी), पिस्टन जवळजवळ उभाच राहतो, क्रँक मात्र फिरतच असतो. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, ते आकड्यांत बघा. ८० मि.मी. स्ट्रोक आणि १४० मि.मी. लांबीचा कनेक्टिंग रॉड असलेलं इंजिन धरू. टीडीसीपासून क्रँक १ अंश फिरला की पिस्टन उतरतो जेमतेम ०.००८ मि.मी. ५ अंश फिरवा, उतरतो ०.२ मि.मी. १० अंशांना पाऊण मिलिमीटरच्या थोडा वर. आणि क्रँक ३० अंशांवरून ३१ वर नेला, तर त्या एकाच अंशात पिस्टन ०.४४ मि.मी. सरकतो. म्हणजे माथ्यावरच्या पहिल्या अंशाच्या पन्नासपटीहून जास्त.

आता उस्तादांचा ड्रायव्हर. प्लगच्या भोकात तो थोडा तिरका होतो, बोटांत थोडा हलतो. डोळ्याला आणि बोटाला मिळून अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळला नाही, तर या इंजिनात टीडीसी माथ्याच्या अलीकडे ८ अंश ते पलीकडे ८ अंश यांत कुठेही निघू शकतो. उस्तादांच्या हाताचा यात काही दोष नाही. ते मोजतायत तीच जागा सपाट आहे. ड्रायव्हर काढून तिथं डायल गेज लावला, तरी ही अडचण पुरती जात नाही. ०.०१ मि.मी. वाचणाऱ्या गेजचा काटा माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या एकेका अंशात पूर्ण एक घरही सरकणार नाही. भारी उपकरण आणलं, तरी दोन अंश हातातून निसटलेच.

या जागेला ‘डेड’ सेंटर का म्हणतात, ते घरातल्या पायाच्या शिलाई मशीनवर अनुभवता येतं. मशीन नेमकं त्या जागी थांबलेलं असलं, तर पायटा कितीही दाबा, चाक हलत नाही. हातानं चाकाला ढकलावं लागतं. दांडा आणि क्रँक एका रेषेत आले की दाबाचा सगळा जोर धुरीवर जातो, फिरवायला काही उरत नाही. वाफेच्या इंजिनवाल्यांना हा मृतबिंदू चांगलाच ठाऊक होता. म्हणून रेल्वे इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत ठेवत. एक बाजू मेली, तरी दुसरी गाडी ओढायला जिवंत. जोर जिथं मरतो तिथं मोजमापही मरतं, हे दुखणं आपल्या वाट्याचं.

आता दुसरा साक्षीदार, पुलीवरची खूण. कंपनीनं ती नेमकीच पाडलेली असते, पण ती जिच्यावर आहे ती पुली एकसंध असेलच असं नाही. बऱ्याच इंजिनांवर डँपर पुली असते: आत लोखंडी गाभा, बाहेर जड कडं आणि दोहोंच्या मध्ये रबराचा थर. उष्णतेनं आणि तेलानं रबर जुनं झालं की बाहेरचं कडं गाभ्यावर सरकतं. खूण कड्यावर, क्रँक गाभ्याला. खूण सरकते आणि कुणाला कळतही नाही. शिवाय कधी कुणी पुली बदललेली असते, कधी पुढचं कव्हर दुसऱ्याच मॉडेलचं असतं, कधी क्रँकवरच्या अर्धचंद्री चावीचा घाट सैल झालेला असतो. संशय आला तर गाभा, रबर आणि कडं या तिन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि गाडी काही दिवस चालू द्या. रेघ मोडली तर पुली गेली.

म्हणजे खरा टीडीसी काढायचा तर दोघांनाही बाजूला बसवायला हवं. रीत सोपी आहे: माथा शोधायचा असेल तर माथ्यावर बघू नका, दोन्ही उतारांवर सारख्या उंचीच्या जागा शोधा आणि त्यांचा मध्य काढा.

ही युक्ती मोटारीहून फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्व-पश्चिम दिशा काढायची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर एक खुंटी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक जिथं वर्तुळाला टेकेल तिथं एक खूण, दुपारनंतर जिथं पुन्हा टेकेल तिथं दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ऐन दुपारी सावली सगळ्यांत आखूड असते खरी, पण त्या वेळी तिची लांबी मिनिटामिनिटाला इतकी कमी बदलते की नेमकी कोणत्या क्षणी ती सगळ्यांत आखूड झाली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. सकाळी आणि दुपारनंतर मात्र ती झपाट्यानं बदलते, म्हणून मोजायचं तेव्हा. नाशिकचा सूर्य घड्याळात बाराला माथ्यावर येतच नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, नाशिक पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरीनं १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१८ च्या जवळ येते, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ पर्यंत लांबते. घड्याळातले बारा म्हणजे पुलीवरची खूण. सूर्याला विचारायचं तर सावलीच मोजावी लागते.

आता हीच गोष्ट इंजिनावर.

पहिलं, अडसर. पिस्टनला माथ्याच्या बराच खाली, दर वेळी त्याच उंचीवर अडवणारी वस्तू हवी. हेड उतरलेलं असेल, तर बोअरवर आडवी जाड पट्टी टाका, ब्लॉकला बोल्टनं कसा आणि पट्टीच्या मधल्या भोकातून एक बोल्ट खाली सोडा. हेड चढलेलं असेल, तर जुना प्लग घ्या. त्यातलं चिनीमातीचं काढून टाका, उरलेल्या कवचाला आतून आटे पाडा आणि त्यात बोल्ट बसवा. बोल्टचं टोक ग्राइंडरवर गोल करा, नाहीतर पिस्टनच्या डोक्यावर खळगा पडेल. बोल्टमधून लांबीभर बारीक भोक पाडलंत तर हवा निघून जाते आणि क्रँक फिरवताना हाताला लागणारा जोर अडसराचाच आहे ना, हे ओळखता येतं. पिस्टन माथ्याच्या पाच ते दहा मिलिमीटर खाली अडेल इतका बोल्ट बाहेर ठेवा.

दुसरं, चकती. क्रँकच्या बोल्टवर अंश पाडलेली चकती बसवा. बाजारात डिग्री व्हील मिळतं. नाहीतर कागदावर मोठं कोनमापक छापून प्लायवूडच्या गोल तुकड्यावर चिकटवा. चकती जितकी मोठी तितकं वाचन सोपं. जाड तारेचं टोक घासून काटा करा आणि ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली तो पक्का धरा. मग उस्तादांचा ड्रायव्हर खुशाल वापरा आणि अंदाजे टीडीसीवर काटा शून्याशी आणा. हे शून्य कच्चं आहे, हे फक्त विसरू नका.

तिसरं, दोन टेके. पिस्टन थोडा खाली घ्या आणि अडसर बसवा. बाकीचे सगळे प्लग काढलेले हवेत. पाना लावून इंजिनाच्या दिशेनं हळू फिरवा. पिस्टन अडसराला टेकला की थांबा आणि आकडा लिहा. समजा, शून्याच्या अलीकडे २८ आला. आता उलटं फिरवा, जवळजवळ पूर्ण फेरा, पिस्टन दुसऱ्या बाजूनं येऊन टेकेपर्यंत. समजा, शून्याच्या पलीकडे ३४ आला. दोन्हींची बेरीज ६२, निम्मे ३१. म्हणजे खरा टीडीसी तुमच्या कच्च्या शून्याच्या ३ अंश पलीकडे आहे. पिस्टन टेकलेलाच ठेवा आणि नुसती तार वाकवून काटा ३१ वर आणा. परत दुसऱ्या बाजूला जा. तिथंही ३१ आले तर शून्य पक्कं झालं. न आले तर पुन्हा.

अडसर नेमका किती उंचीवर आहे, याची इथं काही गरज नाही, ही या रीतीतली गंमत. तो एक मिलिमीटर खाली-वर असला, तर दोन्ही आकडे सारखेच बदलतात आणि मध्य जागच्या जागी राहतो. दुसरी गंमत बेअरिंगच्या सैलपणाची. दोन्ही वेळा पिस्टन वरच चढत येऊन टेकतो, म्हणजे दोन्ही वेळा रॉड त्याला खालूनच ढकलत असतो. त्यामुळे जुन्या इंजिनातला खडखडाटही दोन्हीकडे सारखाच मोजला जातो आणि वजा होतो. टेकण्यात ०.०५ मि.मी.चा फरक पडला, तरी उतारावर त्याचा एक दशांश अंशाहून थोडा जास्त एवढाच परिणाम. माथ्यावर तेवढ्याच फरकानं दोन-अडीच अंश गेले असते.

तीन गोष्टी मात्र पाळा. स्टार्टर मारू नका. अडसर असताना इंजिन फक्त हातानं फिरवायचं. टेकल्यावर पान्यावर जोर देऊ नका, नुसतं टेकू द्या. आणि हे काम कॅम बसवण्याआधीच उरका. कॅम हेडमध्ये असेल आणि बेल्ट नसेल, तर एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. कित्येक इंजिनांत वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतो.

शून्य पक्कं झालं की कॅमची पाळी. इथं तोच धडा पुन्हा गिरवायचा, कारण कॅमचं नाकही माथ्यावर सपाटच असतं. इनटेक व्हॉल्व्हच्या टॅपेटवर डायल गेज लावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की गेज शून्य करा. मग नाकाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही ठिकाणी १.२५ मि.मी. कमी उघडला असताना चकतीवरचे अंश वाचा. समजा, टीडीसीनंतर ८२ आणि १३४ आले. मध्य १०८. कंपनीचा आकडा १०६ असेल, तर कॅम २ अंश मागे आहे. या वाचनांत मात्र क्रँक नेहमी इंजिनाच्या दिशेनंच फिरवायचा, कारण उलटं फिरवलं की चेनचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि आकडा खोटा येतो. नाकाचे दोन्ही उतार सारखे नसतील, अशा कॅमसाठी कंपनी वेगळी रीत देते. तिथं तिचंच ऐकायचं.

आता तुमच्या गाडीचं. ड्रायव्हरवर भरवसा नको, खुणेवर आत्ता नको. अडसर लावून शून्य काढा आणि खूण कुठं येते ते बघा. शून्यावर आली तर खूण खरी, पुढच्या वेळी डोळे मिटून वापरा. नाही आली तर पुली बदला, निदान नवी खूण पाडा.

प्रश्न : हेड फेसिंगचा टायमिंगशी काय संबंध? — तेच वाचक

उत्तर : कॅम हेडमध्ये असेल तर संबंध आहे. हेडचा जितका पापुद्रा उतरवला तितका कॅम क्रँकच्या जवळ आला. चेन किंवा बेल्ट पहिल्याच लांबीचा राहिला. ओढणाऱ्या बाजूला जो ढिलेपणा येतो तो भरून निघेपर्यंत क्रँक थोडा पुढे जातो आणि कॅम मागे पडतो. ०.३ मि.मी. उतरवलं आणि कॅमच्या चाकाची त्रिज्या ६० मि.मी. असेल, तर कॅम सुमारे ०.३ अंश मागे पडतो. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, म्हणून क्रँकवर ०.६ च्या जवळपास. ताणलेली चेनही कॅमला मागेच नेते. या दोन्हींची बेरीज होऊ शकते, पण तुम्हाला खूण आणि ड्रायव्हर यांत दिसलेला फरक यामुळे नाही. टीडीसी हा क्रँक आणि पिस्टन यांच्यातला मामला आहे, त्यात हेड येतच नाही.

असा अर्ध्या-एक अंशाचा फरक दात पुढे-मागे करून सुधारत नाही. क्रँकच्या चाकाला २० दात असतील, तर एक दात म्हणजे १८ अंश. त्यासाठी लांबट भोकांचं चाक किंवा सरकती चावी लागते. उलट पक्षी, टायमिंग ‘एका दातानं चुकलं’ हे वाक्य गॅरेजात जितक्या सहज म्हटलं जातं, तितकी ती चूक लहान नसते.

प्रश्न : चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो. कोणता टीडीसी धरायचा? — सिन्नरहून एक शेतकरी, ज्यांच्याकडे विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आहे

उत्तर : क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. त्यामुळे फ्लायव्हीलवरची टीडीसीची खूण दर दुसऱ्या फेऱ्याला चुकीच्या वेळी वर येते. ओळखायची खूण टॅपेटवर आहे. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोन्ही रॉकर बोटानं किंचित खुळखुळतात. दुसऱ्या टीडीसीला एक व्हॉल्व्ह मिटत असतो, दुसरा उघडू लागलेला असतो, त्यामुळे दोन्ही रॉकर ताठ लागतात. टॅपेट सेट करायचे आणि डिझेलचा पंप जुळवायचा तो पहिल्या टीडीसीवर.

डिझेलमध्ये तर सगळा हिशेब याच शून्यापासून सुरू होतो. इंजेक्टर किती अंश आधी फवारा सोडणार, हे टीडीसीपासून मोजतात. मिनिटाला २००० फेऱ्यांना क्रँक सेकंदाला १२,००० अंश ओलांडतो. म्हणजे एक अंश हा सेकंदाचा बारा हजारावा भाग. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात आणि जुनी माणसं त्या कारखान्याला अजून मायकोच म्हणतात, चौकालाही मायको सर्कल. महिंद्राची इंजिनं इगतपुरीला बनतात. आपल्या जिल्ह्यात या मापाचं काम करणारे हात पुष्कळ आहेत. एका अंशाची किंमत त्यांना विचारा.

प्रश्न : नव्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटर बघतो. मग टीडीसी शोधायची विद्या जुनी झाली का? — इंदिरानगरहून एक विद्यार्थिनी

उत्तर : कॉम्प्युटर टीडीसी बघत नाही, मोजतो. बऱ्याच इंजिनांत क्रँकवर ६० दातांच्या जागा असलेलं चाक असतं, त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले. म्हणजे दर ६ अंशांना एक दात आणि फेऱ्यात एकदा मोकळी जागा. सेन्सर ती मोकळी जागा ओळखतो आणि तिथून इतके दात पुढे टीडीसी, असं गणित करतो. ते चाक क्रँकवर चुकीचं बसलं, तर कॉम्प्युटर चुकीच्या शून्यापासून अगदी बिनचूक मोजत राहील.

बेल्ट बदलताना हल्ली खुणांऐवजी पिना घालून क्रँक आणि कॅम जखडतात. काही इंजिनांत तर पिन घातल्यावर एकही पिस्टन माथ्यावर नसतो, सगळे मधोमध असतात, म्हणजे व्हॉल्व्ह आपटायची भीतीच नाही. पण त्या पिनेचं भोक कुठं पाडायचं, हे कारखान्यात कुणीतरी आधी मोजलेलं असतं. कॅमचंही तसंच. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आठवते, पण १९९२ साली तिथं सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशा-परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. कॅमचं एकेक नाक किती अंशांवर हवं, हे कागदावर एका शून्यापासूनच लिहिलेलं असतं. ते शून्य तुमच्या इंजिनात नेमकं कुठं आहे, हे सोलापूरला कसं कळणार? ते काम कॅम बसवणाऱ्याचं. ज्यांना या भानगडीत पडायचंच नाही त्यांनी ओझरच्या विमान कारखान्यात जावं. तिथल्या लढाऊ विमानांच्या जेट इंजिनांत पिस्टन नाही, म्हणून टीडीसीही नाही.

पहिल्या वाचकासाठी शेवटी एक : उस्तादांशी वाद घालू नका. दुपारी काम कमी असेल तेव्हा चकती लावा आणि त्यांनाच ड्रायव्हरनं दहा वेळा टीडीसी काढायला सांगा. दर वेळी क्रँक अर्धा फेरा मागे नेऊन पुन्हा आणायचा, चकतीकडे बघायचं नाही. तुम्ही प्रत्येक वेळी काट्यासमोर पांढऱ्या पेन्सिलीनं रेघ मारा. मग अडसर लावून दहा वेळा दोन्ही टेके घ्या आणि त्यांच्या मध्यावर लाल रेघ मारा. पांढऱ्या रेघांची लांबवर जुडी पसरलेली दिसेल, लाल रेघा एकमेकींवर चढलेल्या. गंमत म्हणजे उस्तादांचा हात बसलेला असेल, तर त्या पांढऱ्या जुडीचा मध्यही लाल रेघेच्या जवळच निघेल. एकेकटा आकडा चुकला, तरी दोन्हीकडच्या चुका मिळून मध्य सापडतो. ते त्यांना जरूर दाखवा. पुढच्या वेळी जुना प्लग फोडून अडसर करायला तेच बसतील.